जॉर्ज मायकल सोनीविरुद्धचा खटला का हरला

21 जून 1994 रोजी लंडनच्या हायकोर्टात न्यायमूर्ती जोनाथन पार्कर यांनी ‘पानायोटू विरुद्ध सोनी म्युझिक’ या खटल्याचा निकाल दिला. पानायोटू म्हणजे ब्रिटिश पॉप गायक जॉर्ज मायकल. चार दिवसांनी त्याला 31 वर्षं पूर्ण होणार होती. निकाल सपशेल त्याच्या विरोधात गेला. सोनीशी केलेला करार वैध ठरला, खटल्याचा खर्चही त्याच्याच अंगावर पडला. तो करार 2003 पर्यंत ताणता येत होता. म्हणजे वयाच्या चाळिशीपर्यंत त्याला दुसऱ्या कुठल्याही कंपनीसाठी अल्बम करता येणार नव्हता.

मी गेली काही वर्षं तरुण गायक-संगीतकारांचे करार वाचून देतो. कलमं त्यांना कळतील अशा मराठीत समजावून सांगायची, एवढंच माझं काम. दोन वर्षांपूर्वी ओळखीतली एक मुलगी असाच करार घेऊन आली. पुढच्या सगळ्या गाण्यांचा हक्क कंपनीकडे जाणारं कलम मी तिला बोट ठेवून दाखवलं. ती म्हणाली, “काका, आत्ता कोण विचारतंय मला? एकदा नाव झालं की बदलून घेऊ.” मी तिला जॉर्ज मायकलची गोष्ट सांगितली. कारण त्याने नेमकं हेच केलं होतं. नाव झाल्यावर करार बदलून घेतला, एकदा नव्हे, तीनदा. आणि कोर्टात तेच त्याला भोवलं.

पहिली सही

जॉर्जिओस किरियाकोस पानायोटूचा जन्म 25 जून 1963 चा, उत्तर लंडनमधल्या ईस्ट फिंचलीचा. वडील सायप्रसहून इंग्लंडला आलेले ग्रीक, राबून स्वतःचं रेस्टॉरंट उभं केलेले. आई लेस्ली इंग्लिश. पुढे कुटुंब लंडनबाहेर हर्टफर्डशरमध्ये राहायला गेलं आणि 1975 मध्ये बुशी मीड्स शाळेत त्याची गाठ अँड्र्यू रिजलीशी पडली. जॉर्ज तेव्हा चष्मा लावणारा, गुबगुबीत, बुजरा मुलगा. अँड्र्यू देखणा आणि बिनधास्त. या दोस्तीतूनच पुढे ‘वॅम!’ ही जोडी झाली.

सतरा वर्षांचा असताना जॉर्ज एका हॉटेलात डीजेचं काम करायचा. कामाला जाताना बसमध्ये चढला, कंडक्टरच्या हातात पैसे ठेवत असताना त्याच्या डोक्यात एक धून आली, आणि बाकीचा प्रवास तो ती मनातल्या मनात घोळवत बसला. हीच ‘केअरलेस व्हिस्पर’मधली सॅक्सोफोनची ओळ. त्याने स्वतःच ही आठवण सांगितली आहे. गाणं पहिल्यांदा 1983 मध्ये अमेरिकेत मसल शोल्सला, जेरी वेक्सलरसारख्या नामांकित निर्मात्याच्या हाताखाली ध्वनिमुद्रित झालं. जॉर्जला ते पसंत पडलं नाही. वीस वर्षांच्या पोराने ती आवृत्ती बाजूला सारली आणि लंडनला परतून गाणं स्वतः नव्याने केलं. ती ओळ मनासारखी वाजेपर्यंत एकामागून एक सॅक्सोफोनवादक बोलावले गेले, शेवटी स्टीव्ह ग्रेगरीने ती वाजवली. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढच्या भांडणाचं मूळ मला इथे दिसतं. कानाला जे खटकतं ते हा माणूस कुणाच्याही दबावाखाली चालवून घेत नव्हता.

कागदाच्या बाबतीत मात्र त्याने ते चालवून घेतलं. घरच्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर केलेली डेमो कॅसेट घेऊन हे दोघे दारोदार फिरले, बहुतेकांनी परत पाठवलं. अखेर मार्च 1982 मध्ये इनरव्हिजन नावाच्या छोट्या कंपनीने होकार दिला. कंपनी मार्क डीन या तरुणाची, मागे हात सीबीएस या बड्या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा. रिहर्सलमधून उठून जवळच्या एका कॅफेत जाऊन दोघांनी सह्या केल्या. आगाऊ रक्कम प्रत्येकी 500 पौंड. 12 इंची सिंगल्सवर, म्हणजे एकेका गाण्याच्या मोठ्या तबकड्यांवर, रॉयल्टी शून्य, आणि त्या काळी डान्स म्युझिक खपायचं ते 12 इंचीवरच.

या आगाऊ रकमेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. रेकॉर्ड कंपनी गायकाला देते ती रक्कम बक्षीस नसते. ऊसतोडीच्या टोळीला मुकादम देतो तशी ती उचल असते, पुढच्या कमाईतून फेडायची. स्टुडिओचं भाडं, वादकांचं मानधन, बऱ्याचदा व्हिडिओचा खर्चसुद्धा याच खात्यात चढतो आणि गायकाच्या रॉयल्टीतून वळता होतो. सगळं फिटलं तरी मूळ ध्वनिमुद्रण, ज्याला या धंद्यात मास्टर म्हणतात, कंपनीच्याच नावावर राहतं. कोट्यधीश गायकाला ऊसतोड मजुराच्या पंगतीला बसवायचं माझ्या मनात नाही. हिशेबाची रीत तेवढी सारखी आहे.

‘वॅम!’ची गाणी 1982 च्या शेवटापासून चालायला लागली. 1983 मध्ये पहिला अल्बम ‘फँटास्टिक’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. तरी दोघांच्या खिशात फारसं काही पडत नव्हतं. मग सायमन नेपियर-बेल आणि जॅझ समर्स हे मुरलेले मॅनेजर आले, टोनी रसेल हे सॉलिसिटर आले, आणि इनरव्हिजनला कळवण्यात आलं की हा करार अन्यायकारक आहे, आम्ही तो मानत नाही. इनरव्हिजनने कोर्टातून मनाई हुकूम मिळवला. भांडण चालू असतानाच जोडीच्या मर्जीविरुद्ध जुन्या गाण्यांची खिचडी करून एक मेगामिक्सही बाजारात आणला.

1984 च्या वसंतात तडजोड झाली. इनरव्हिजन बाजूला झाली, आणि दोघांनी थेट सीबीएसशी, तिच्या एपिक या लेबलसाठी, नवा करार केला. जुन्यापेक्षा कितीतरी बरा. सगळ्यांनी याला विजय मानलं आणि तेव्हा तो होताही. त्याच वर्षी ‘वेक मी अप बिफोर यू गो-गो’ पहिल्या क्रमांकावर, ऑगस्टमध्ये ‘केअरलेस व्हिस्पर’ पहिल्या क्रमांकावर, डिसेंबरमध्ये ‘लास्ट ख्रिसमस’ दुसऱ्या. त्याच्या वरच्या पायरीवर इथिओपियाच्या दुष्काळासाठी केलेलं बँड एडचं गाणं होतं, त्यात जॉर्ज स्वतःही गायला होता. ‘लास्ट ख्रिसमस’ची रॉयल्टी त्याने त्याच दुष्काळनिधीला दिली.

1984 चा हा कागद वाचकांनी लक्षात ठेवावा. दहा वर्षांनी न्यायमूर्ती पार्कर यांनी निकालाची इमारत याच पायावर उभी केली.

नाव झालं

जून 1986 मध्ये वेम्बली स्टेडियमवर सुमारे 72,000 लोकांसमोर ‘वॅम!’ने निरोप घेतला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1987 मध्ये, ‘फेथ’ आला. गाणी त्याची, निर्मिती त्याची, बरीचशी वाद्यंही त्यानेच वाजवलेली. जगभरात दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या, 1989 मध्ये वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमी मिळालं. आमच्या घरी त्याची कॅसेट होती. शीर्षकगीताच्या सुरुवातीचा चर्चमधला ऑर्गन संपून गिटारची ती कोरडी, टणक लय सुरू व्हायची, त्या जागी फीत झिजून आवाज मंद झाला होता.

एवढं यश मिळाल्यावर कलावंत करार बदलून मागतो, कंपनी बदलून देते. धंद्याचा शिरस्ताच आहे तो. 1988 च्या जानेवारीत जॉर्जचा नवा करार झाला. रॉयल्टी वाढली, उचल वाढली. बदल्यात कंपनीने मागितले आणखी अल्बम. जास्तीत जास्त आठ अल्बम, जास्तीत जास्त 15 वर्षं. पुढचा अल्बम हवा की नको हे ठरवायचा अधिकार कंपनीचा. सोडून जायचा अधिकार गायकाला नाही. मास्टर कंपनीचे, जगभर, कॉपीराइट असेपर्यंत. त्याच महिन्यात सीबीएस रेकॉर्ड्स ही अख्खी कंपनी जपानच्या सोनीने सुमारे दोन अब्ज डॉलरला विकत घेतली. जमीन विकली की तिच्यावरची कुळंही नव्या मालकाकडे जावीत तसा जॉर्ज सोनीकडे गेला. 1990 मध्ये पैशाच्या अटी पुन्हा एकदा सुधारल्या गेल्या.

मग ‘लिसन विदाउट प्रेज्युडिस, व्हॉल्यूम वन’ आला, सप्टेंबर 1990 मध्ये. ‘फेथ’च्या वेळची लेदर जॅकेट आणि दाढीची खुंटं असलेली प्रतिमा आता त्याला नको झाली होती. अल्बमच्या मुखपृष्ठावर त्याचा फोटो नाही. आहे ती कोनी आयलंडच्या किनाऱ्यावरची तुडुंब गर्दी. व्हिडिओत दिसायलाही त्याने नकार दिला. ‘फ्रीडम! ’90’चा व्हिडिओ डेव्हिड फिंचरने केला. त्यात नेओमी कॅम्पबेल, लिंडा इव्हँजेलिस्टा, ख्रिस्टी टर्लिंग्टन, तात्याना पॅटिट्झ आणि सिंडी क्रॉफर्ड या मॉडेल्स त्याच्या आवाजावर ओठ हलवतात. आणि प्रत्येक वेळी ध्रुवपदाला एकेक वस्तू नष्ट होते: कपाटात टांगलेलं ते लेदर जॅकेट पेट घेतं, ज्यूकबॉक्सचा स्फोट होतो, गिटारच्या ठिकऱ्या उडतात. ‘फेथ’च्या व्हिडिओतल्याच या तिन्ही वस्तू. कंपनीची सगळ्यात खपाऊ प्रतिमा गायकाने कंपनीच्याच पैशाने जाळली. त्या आगीकडे पाहताना सोनीच्या कचेरीतल्या विक्रीवाल्यांच्या पोटात काय झालं असेल, याची कल्पना येते.

प्रसिद्धी नकोशी झाली आहे असं त्याने अमेरिकी वर्तमानपत्राला सांगितलं, तेव्हा बुजुर्ग अमेरिकी गायक फ्रँक सिनात्राने त्याच वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून त्याचे कान उपटले: तक्रार सोड, मिळालंय त्याबद्दल देवाचे आभार मान. म्हाताऱ्याचा सूर प्रेमाचा होता, पण जॉर्जचं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. प्रसिद्धीला आपला चेहरा किती द्यायचा हे आपण ठरवू, एवढंच जॉर्ज म्हणत होता.

अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत दुसऱ्या, पण एकूण खप ‘फेथ’च्या जवळपासही नाही. जॉर्जचा आरोप असा की सोनीच्या अमेरिकी शाखेने आपल्या हट्टाची शिक्षा म्हणून अल्बम पुरेसा विकलाच नाही. सोनीचं म्हणणं, गायक स्वतःच दिसायला तयार नसेल तर आम्ही काय विकायचं? दोन्ही बाजू वाचल्यावर मला वाटतं, सोनीने त्याला मुद्दाम बुडवलं हे सिद्ध होत नाही; पण त्याला काय करायचं आहे हे समजून घ्यायची इच्छा तिथे कुणालाच नव्हती, हे जागोजागी दिसतं. ‘व्हॉल्यूम टू’ कधीच आला नाही. त्यासाठीची तीन गाणी त्याने 1992 मध्ये एड्सनिधीसाठीच्या एका अल्बमला देऊन टाकली.

कोर्टाच्या कागदात नसलेली गोष्ट

जानेवारी 1991 मध्ये ‘रॉक इन रिओ’ महोत्सवासाठी जॉर्ज ब्राझीलला गेला असताना त्याला अन्सेल्मो फेलेप्पा भेटला. पुढे जॉर्जने अनेकदा सांगितलं की आपल्यावर निःस्वार्थ प्रेम करणारं माणूस त्याला तेव्हा पहिल्यांदा भेटलं. काही महिन्यांतच अन्सेल्मोला एचआयव्ही असल्याचं कळलं. प्रभावी औषधं यायला तेव्हा अजून काही वर्षं होती.

20 एप्रिल 1992 ला वेम्बलीवर क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या स्मरणार्थ मोठी मैफल झाली. फ्रेडी, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा, पाच महिन्यांपूर्वी एड्सने गेला होता. जॉर्जने तिथे क्वीनबरोबर ‘समबडी टू लव्ह’ गायलं. रेकॉर्डिंग आजही पाहता येतं. केशरी-लाल कोट, एका हातात माइक, आणि हजारो लोकांना एका हाताच्या इशाऱ्यावर टाळ्यांत बांधून घेणारा 28 वर्षांचा तरुण. अन्सेल्मो त्या गर्दीत होता. तो आजारी आहे हे जॉर्जला माहीत होतं, जगाला नव्हतं. आपण समलिंगी आहोत हे त्याने तेव्हा आईवडिलांनाही सांगितलेलं नव्हतं.

मार्च 1993 मध्ये अन्सेल्मो गेला. ऑक्टोबर 1993 मध्ये खटला उभा राहिला. मधले महिने फक्त सात.

त्या काळातला राग आणि दुःख आपण सोनीविरुद्धच्या भांडणात ओतलं, हे जॉर्जने पुढे स्वतः मान्य केलं. यामुळे त्याचं कायदेशीर म्हणणं खोटं ठरत नाही. पण तडजोडीचा सल्ला त्या वेळी त्याच्या कानात का शिरत नसेल, हे कळतं. ज्याला जाहीर रडताही येत नाही अशा माणसाला एक शत्रू मिळाला होता, आणि त्याच्याशी भांडायला मोकळं मैदान होतं.

काय मागितलं, काय मिळालं

ऑक्टोबर 1992 मध्ये जॉर्ज न्यूयॉर्कला सोनीचे प्रमुख नोरिओ ओगा यांना भेटला आणि मला मोकळं करा म्हणाला. ओगा स्वतः शिकलेले बॅरिटोन गायक. गायकाचं मन त्यांना कळेल अशी आशा असलीच तर ती फोल ठरली. थोड्याच दिवसांत लंडनमध्ये दावा दाखल झाला. आपण ज्या अमेरिकी संगीत कंपनीशी अभिमानाने सही केली ती आता एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या उत्पादनसाखळीतला छोटा भाग झाली आहे, असं त्याने जाहीर निवेदनात म्हटलं. या स्थितीला त्याने व्यावसायिक गुलामी म्हटलं. वर्तमानपत्रांनी तो शब्द उचलला आणि बंगले-गाड्या दाखवून त्याची टर उडवली. शब्द चुकीचा निवडला हे खरं. त्यामागचा मुद्दा चुकीचा नव्हता: कुठलाही नोकरदार राजीनामा देऊ शकतो, गायक देऊ शकत नाही.

दाव्याचे मुद्दे दोन. पहिला इंग्लिश कायद्यातलं ‘रिस्ट्रेंट ऑफ ट्रेड’ हे जुनं तत्त्व. माणसाला आपला धंदा करण्यापासून वाजवीपेक्षा जास्त रोखणारा करार कोर्ट राबवत नाही. दुसरा मुद्दा युरोपीय स्पर्धा कायद्याचा, रोम कराराच्या कलम 85 चा. तो सदस्य देशांमधल्या व्यापारावरच्या परिणामाचा मुद्दा होता, तो टिकला नाही आणि आपल्यालाही त्यात फार शिरायचं कारण नाही.

पहिला मुद्दा मात्र भक्कम वाटत होता, कारण त्याच्या मागे नजिरा, म्हणजे आधीच्या खटल्यांचे निकाल, होत्या. टोनी मॅकॉले या गीतकाराने 1966 मध्ये, 21 व्या वर्षी, श्रोडर या प्रकाशक कंपनीशी करार केला होता. आगाऊ 50 पौंड, पाच वर्षं, गाणी चालली तर आपोआप दहा. कंपनी नोटीस देऊन करार मोडू शकते, तो नाही. 1974 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, हा करार अवाजवी ठरवला. 1989 मध्ये ‘फ्रँकी गोज टू हॉलिवूड’चा गायक हॉली जॉन्सन आपल्या कंपनीविरुद्ध जिंकला. 1991 मध्ये ‘स्टोन रोझेस’ हा बँडही जिंकला. या सगळ्यांत एक धागा होता: सही करताना पोरं कोवळी, अडलेली, आणि बहुधा योग्य सल्ल्याविना होती.

जॉर्जच्या खटल्यात नेमका हाच धागा नव्हता. खटला ऑक्टोबर 1993 ते पुढच्या वर्षीच्या वसंतापर्यंत सत्तरहून अधिक दिवस चालला. त्याच्या बाजूने मार्क क्रॅन, सोनीकडून गॉर्डन पोलॉक, दोघेही क्वीन्स काउन्सेल, म्हणजे मानाचे ज्येष्ठ वकील. जॉर्जने स्वतः पिंजऱ्यात उभं राहून साक्ष दिली. सोनीचा युक्तिवाद धंद्याच्या गणिताचा होता. दहा गायकांवर पैसा लावला तर एखादाच चालतो, त्या एकाच्या कमाईवर बाकीच्यांचं नुकसान भरून काढायचं असतं; लांब मुदत नसेल तर नवख्यांवर पैसा लावेल कोण? या युक्तिवादात तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही.

न्यायमूर्ती पार्कर यांचं तर्कशास्त्र असं होतं. 1988 चा करार हवेतून आलेला नाही, तो 1984 च्या करारातून वाढलेला आहे. 1984 चा करार म्हणजे इनरव्हिजनच्या वादावरची तडजोड. त्या वादात ‘वॅम!’ने हेच म्हटलं होतं की करार अवाजवी आहे. दोन्ही पक्षांनी वकिलांच्या सल्ल्याने तो वाद मिटवला. मिटलेला वाद पुन्हा उकरू नये यात समाजाचं हित आहे, नाहीतर तडजोडीला किंमतच उरणार नाही. म्हणून ‘रिस्ट्रेंट ऑफ ट्रेड’चं दार इथे बंद. आणि ते उघडं मानलं तरी, 1988 च्या अटी वाजवी आहेत: जगातल्या बड्या गायकांना मिळतं तेवढं याला मिळत होतं, सौदा करताना याच्याकडे ताकद होती आणि अनुभवी सॉलिसिटर होता. शिवाय करार सदोष वाटत असताना त्याने त्याच कराराखाली पैसे मागितले आणि घेतले. म्हणजे तो त्याने आपल्या वागण्याने मान्यच केला.

हा तर्क मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. कायद्याच्या दृष्टीने तो घट्ट विणलेला आहे. तरी मला तो पटत नाही, आणि कुठे पटत नाही तेही सांगतो. कॅफेत 500 पौंडांवर सही करणारी दोन पोरं अडलेली होती, हे कुणीही मान्य करील. 1984 मध्ये ती इनरव्हिजनच्या तावडीतून सुटायला बघत होती. पलीकडे एकच दार होतं, सीबीएसचं, आणि सीबीएसच इनरव्हिजनच्या पाठीशी होती. 1988 मध्ये जॉर्ज जगातला सगळ्यात मोठा पॉप गायक होता, पण दुसऱ्या कंपनीकडे जायची मुभा त्याला तेव्हाही नव्हती. ज्याला बाजारात उभं राहून दुसरा भाव विचारता येत नाही, त्याची सौदा करायची ताकद कसली? त्याने प्रत्येक वेळी दावणीची लांबी वाढवून घेतली. कोर्टाने ती लांबी मोजली, दावण तपासली नाही.

आणि माझ्यासमोर करार घेऊन बसणाऱ्या मुलांना मी नेमकं हेच दाखवतो. जॉर्जने इनरव्हिजनविरुद्धची लढाई 1984 मध्ये शेवटपर्यंत लढली असती तर मॅकॉलेच्या नजिरेवर ती जिंकण्याची चांगली शक्यता होती. पण तेव्हा गाणी दारात उभी होती. ‘केअरलेस व्हिस्पर’ तयार होतं. वीस-एकवीस वर्षांच्या पोराने ते कपाटात ठेवून दोन वर्षं कोर्टात बसावं, असं मी तरी त्याला सांगू शकलो नसतो.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत वेगळ्या वळणाचा आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 27 धंद्याला आडकाठी करणारा करार सरळ रद्दबातल ठरवतं, वाजवी-अवाजवीचा काथ्याकूट न करता. पण कराराची मुदत चालू असतानाच्या बंधनांना आपली कोर्टं सहसा हात लावत नाहीत, मुदत संपल्यानंतरच्या बंधनांना लावतात. श्रीरामपूरचा आपला झहीर खान याच मुद्द्यावर परसेप्ट डी’मार्क या कंपनीविरुद्ध उभा होता. तीन वर्षांचा करार संपल्यावरही पुढची संधी आधी आम्हालाच द्यायची, असं कलम त्यात होतं. मुंबई हायकोर्टाच्या खंडपीठाने झहीरच्या बाजूने कौल दिला आणि 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायम केला. जॉर्जची अडचण मुदतीच्या आतली होती. मला वाटतं, तो मुंबईत लढला असता तरी त्याची वाट सोपी नव्हती.

हरल्यानंतर

निकालानंतर जॉर्ज पत्रकारांसमोर आला. आपण निर्माण केलेलं आणि आपल्याच पैशातून उभं राहिलेलं काम कधीच आपल्या मालकीचं होणार नाही, आणि कारकिर्दीच्या सुरुवातीला केलेल्या एका सहीबरोबर माणसाने जन्मभर राहावं अशी अपेक्षा आहे, अशा आशयाचं तो बोलला. खटल्याचा खर्च तीस लाख पौंडांच्या घरात गेल्याचं तेव्हा छापून आलं. त्याने अपील दाखल केलं, आणि जाहीर केलं होतं की सोनीसाठी आता गाणार नाही. त्याच सुमारास अमेरिकेत प्रिन्स हा गायक वॉर्नर या आपल्या रेकॉर्ड कंपनीशी भांडत गालावर ‘गुलाम’ लिहून फिरत होता.

24 नोव्हेंबर 1994 ला बर्लिनमध्ये ब्रँडनबर्ग गेटपाशी एमटीव्हीचा युरोपीय सोहळा होता. जॉर्ज तिथे आला आणि त्याने एक नवं गाणं गायलं, ‘जीझस टू अ चाइल्ड’. ते अन्सेल्मोसाठी होतं, पण ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक होतं. चाल इतकी हळू, जवळजवळ कुजबुज. त्या रात्री हे गाणं प्रसिद्ध करू शकेल अशी कंपनीच त्याच्याकडे नव्हती. सोनीला तो देणार नव्हता, आणि दुसऱ्या कुणाला देऊ शकत नव्हता. ते दुकानात यायला आणखी वर्षाहून जास्त काळ लागला.

सुटका कोर्टात झाली नाही, पैशाने झाली. जुलै 1995 मध्ये अमेरिकेसाठी नवी कोरी ड्रीमवर्क्स आणि उर्वरित जगासाठी व्हर्जिन या कंपन्यांनी मिळून सोनीकडून त्याचा करार विकत घेतला. सोनीला कोट्यवधी डॉलर, पुढच्या अल्बमच्या कमाईतला हिस्सा, आणि निवडक गाण्यांचा एक संग्रह काढायचा हक्क मिळाला. तो संग्रह 1998 मध्ये आला आणि तुफान खपला. जानेवारी 1996 मध्ये ‘जीझस टू अ चाइल्ड’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, मे महिन्यात ‘ओल्डर’ हा अल्बम आला. त्यातली सहाच्या सहा सिंगल्स ब्रिटनमध्ये पहिल्या तिनांत पोचली. अमेरिकेने मात्र ‘फेथ’च्या दिवसांत दिलेलं प्रेम त्याला पुन्हा तसं दिलं नाही. वयाची 27 ते 32 ही गायकाची ऐन भराची वर्षं अल्बमविना गेली, त्याची भरपाई कुठल्याच तडजोडीत नव्हती.

आणि 2003 च्या नोव्हेंबरमध्ये तो सोनीकडेच परत गेला. आपल्या मर्जीने, आपल्या अटींवर. 2004 चा ‘पेशन्स’ सोनीने काढला. काहींना ही शरणागती वाटली. मला नाही वाटली. आपली जुनी गाणी ज्यांच्या तिजोरीत आहेत त्यांच्याशी बोलायला दार उघडं हवं, एवढा व्यवहार त्याला तोवर कळला होता. आयुष्याच्या शेवटच्या काळात तो स्वतःवरच्याच एका माहितीपटावर काम करत होता, आणि त्यातला मोठा भाग अन्सेल्मोचा आणि या खटल्याचा आहे. 25 डिसेंबर 2016 ला थेम्सकाठच्या गोरिंगमधल्या घरी तो गेला, वयाच्या 53 व्या वर्षी. ‘लिसन विदाउट प्रेज्युडिस’ 2017 मध्ये सोनीने पुन्हा काढला आणि 27 वर्षांनी तो ब्रिटनमध्ये परत पहिल्या क्रमांकावर आला.

एक तपशील राहिला. गाण्याचे हक्क दोन असतात. ध्वनिमुद्रणाचा वेगळा, आणि शब्द-चालीचा वेगळा. जॉर्जचा सगळा झगडा पहिल्या हक्कासाठी होता. दुसरा, लेखकाचा हक्क, सोनीशी केलेल्या त्या करारात अडकलेला नव्हता, आणि त्याचे पैसे कुठे जावेत हे तो ठरवू शकत होता. त्याच्या मृत्यूनंतर ‘चाइल्डलाइन’ या मुलांसाठीच्या फोन-मदतसेवेच्या संस्थापक एस्थर रँटझेन यांनी सांगितलं की ‘जीझस टू अ चाइल्ड’ची रॉयल्टी तो इतकी वर्षं त्यांच्या संस्थेला देत होता. हे कुणालाही सांगू नका, एवढीच त्याची अट होती.